पुतण्याच्या फोटोत दिसते, ते माझ्या वहीत का नाही?

कोल्हापूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या ६२ वर्षांच्या असून चित्रकला शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. निवृत्तीनंतर त्यांनी सहा इंची डॉब्सोनियन (हाताने फिरवायच्या साध्या बैठकीची) दुर्बीण घेतली आणि गच्चीवरून जे दिसेल ते, दुर्बिणीला डोळा लावून, पेन्सिलीने वहीत उतरवण्याचा छंद लावून घेतला. त्याच घरात राहणारा, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला दिरांचा मुलगा हल्ली त्याच गच्चीवरून कॅमेरा, २०० मिलिमीटरची लेन्स आणि एक छोटा ट्रॅकर (ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवत ठेवणारे यंत्र) वापरून आकाशाचे फोटो काढतो. मृग नक्षत्रातील तेजोमेघाचा, म्हणजे चमकणाऱ्या वायूच्या ढगाचा, त्याचा गुलाबी फोटो नातेवाइकांत कौतुकाने फिरला, आणि काकूंच्या वहीतला राखाडी डाग पाहून ‘हे पुसलं गेलंय का?’ असे विचारले गेले. त्यानंतरच्या रेखाटनात आपण तेजोमेघाला दोन लांब पंख काढले, पण ते दुर्बिणीतून दिसले की फोटोतले आठवले हे आता सांगता येत नाही, असे त्या लिहितात. गच्चीवर रोज कुरबुर होते: त्याच्या लॅपटॉपच्या उजेडाने यांचे डोळे दिपतात, यांच्या चालण्याने त्याचा कॅमेरा हलतो. त्यातच आता त्याला मोठे माउंट (दुर्बीण किंवा कॅमेरा पेलून फिरवणारी बैठक) आणि खास खगोलीय कॅमेरा घ्यायचा आहे आणि त्यासाठी त्याने काकूंकडे दीड लाख रुपये मागितले आहेत. वही बंद करून आपणही फोटोकडे वळावे का, की या वयात हे सगळेच सोडून द्यावे, असा त्यांचा प्रश्न आहे. मृगाच्या पहिल्या रेखाटनाची प्रत त्यांनी पत्रासोबत जोडली आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

तेजोमेघ खरोखर जसा आहे तसा पुतण्याच्या फोटोत आला आणि तुमच्या वहीत त्याची उणी प्रत उतरली, असे तुम्ही पत्रभर गृहीत धरले आहे. ते आधी तपासून पाहू. कॅमेऱ्याचा सेन्सर एकामागून एक एक्सपोजर घेत तासाभराचा प्रकाश साठवू शकतो. डोळ्याला सेकंदाच्या लहानशा अंशापलीकडे तो साठवता येत नाही. शिवाय अंधारात डोळ्यातील ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत, आणि तेजोमेघातील हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा जो तांबडा प्रकाश फोटोला गुलाबी करतो, त्याच्या बाबतीत तर त्या जवळजवळ आंधळ्याच असतात. तेव्हा तुम्हाला राखाडी दिसले ते बरोबरच दिसले. फोटोतला गुलाबी रंग खोटा आहे असेही कोणी म्हणू नये, कारण तो प्रकाश तिथून निघालेलाच असतो. मात्र कॅमेऱ्यातून बाहेर पडणाऱ्या काळपट फाइलमधून तो वर काढताना किती ताणायचे, म्हणजे उजळायचे, आणि किती दाबायचे हे पुतण्या संगणकासमोर बसून ठरवत असतो. हात त्याचाही फिरलेला आहे.

आता त्याचा फोटो आणि तुमचे पहिले रेखाटन शेजारी शेजारी ठेवा आणि दोन्हींच्या मध्यभागी बघा. तेजोमेघाच्या गाभ्यात ट्रॅपेझियम नावाची चार ताऱ्यांची जुडी आहे, आणि भोवतालचा वायू उजळतो तो मुख्यतः त्यांतल्या सर्वांत तप्त ताऱ्यामुळे. बाहेरचे मंद पंख वर यावेत म्हणून फोटो ताणला की हा गाभा बहुधा पांढराफटक जळून जातो, आणि २०० मिलिमीटरच्या लेन्सला ते चार तारे सुटे करून दाखवणे तसेही जडच जाते. तुमच्या रेखाटनात मात्र चारही ठिपके वेगवेगळे आहेत, त्यांतला एक मुद्दाम ठसठशीत केलेला आहे, आणि त्यांच्या दिशेने आत घुसलेली काळी खाचही तुम्ही अलगद मोकळी सोडली आहे. ज्यांना तो डाग पुसल्यासारखा वाटला त्यांनी मध्यभागी पाहिलेच नसावे. पुतण्यालाही कमी वेळाचे एक्सपोजर वेगळे घेऊन आणि अधिक लांब लेन्स लावून हा गाभा पकडता येईल. पण त्याच्या फोटोत तिथे काहीतरी हरवले आहे हे त्याला तुमच्या वहीवरून कळेल.

पंखांचा प्रश्न तुम्ही पत्रात ओझरता विचारला आहे, पण मला तो पैशांच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना तुम्ही वर्षानुवर्षे मुले बसवली असतील, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो: वस्तुचित्राच्या पेपरात तुमच्याकडून स्मरणचित्र उतरले. यात अप्रामाणिकपणा नाही. मंद, कडा नसलेली आकृती समोर असली की मन आठवणीतून ती पुरी करते, आणि ज्याचा हात तयार आहे त्याच्याकडून ती अधिक सफाईने पुरी होते. तुमच्यासारख्यांना धोका अधिक आहे तो याच कारणाने. नवशिक्याचा हात जिथे अडखळून थांबतो, तिथे तुमचा हात डाव्या पंखाला साजेसा उजवा पंख सहज काढून जातो.

हे मोठमोठ्या निरीक्षकांच्या बाबतीतही घडले आहे. इटलीच्या जोव्हान्नी शियापारेल्ली यांनी १८७७ मध्ये मंगळावर रेघा पाहिल्या आणि नकाशात काढल्या. पुढे अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल यांनी त्यांचे कालव्यांचे जाळेच केले, आणि ते कालवे मंगळावर नव्हते. खग्रास सूर्यग्रहणात दिसणाऱ्या प्रभामंडळाची, शेजारी शेजारी उभे राहून काढलेली चित्रेसुद्धा एकमेकांशी जुळत नसत, हे ग्रहणांसाठी कॅमेरा आणण्याचे एक मोठे कारण होते. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला आपल्या सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. कावसजी नायगमवाला उपकरणे घेऊन गेले होते ते छायाचित्रणाची तयारी करूनच. पण याच्या उलटही घडले आहे. आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी १८४५ मध्ये आपल्या ७२ इंची दुर्बिणीतून एम ५१ ही दीर्घिका पाहिली आणि तिचे भोवऱ्यासारखे वळलेले हात कागदावर काढले. दीर्घिकांचे फोटो तेव्हा कोणालाच काढता येत नव्हते. पुढे ते निघाले तेव्हा ते हात तिथे होतेच. तेव्हा डोळा फसवतो म्हणून वही टाकून देऊ नका आणि मुरलेला हात आहे म्हणून तिच्यावर आंधळा विश्वासही ठेवू नका. कोणती रेघ पाहिलेली आणि कोणती अंदाजाची हे नंतर सांगता आले पाहिजे.

त्यासाठी काही सवयी लावून घ्याव्या लागतील. ज्या वस्तूचे रेखाटन करायचे तिचा फोटो त्याआधी पाहू नका. नकाशात जागा शोधा, आकार शोधू नका. जिथे खात्री नाही तिथली रेघ तुटक काढून शेजारी प्रश्नचिन्ह द्या. प्रश्नचिन्ह असलेले रेखाटन तुम्हाला अपुरे वाटेल, पण या कामात तेच पुरे समजतात. एखादा मंद भाग खरोखर आहे की भास, हे तपासायला नजर त्याच्यावरून किंचित बाजूला वळवा, कारण अंधारात पाहणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्याबाहेर अधिक असतात. मग नळीला हलकी टिचकी मारा. हललेली मंद वस्तू डोळ्याला लवकर जाणवते, आणि ती ताऱ्यांबरोबर हलली तर ती आकाशातली आहे. जागच्या जागी राहिली तर डोळ्यातली किंवा आयपीसवरच्या (डोळा लावायच्या भिंगावरच्या) बाष्पाची. दहा मिनिटांनी पुन्हा पाहा. तीन वेळा दिसलेलीच गोष्ट पक्क्या रेघेने काढायची, असा नियम करून टाका. घरी दिव्याखाली आल्यावर बोटांचे डाग पुसा, ठिपके गोल करा, पण नवे काही घालू नका. सुशोभित प्रत काढावीशी वाटली तर ती वेगळ्या कागदावर काढा आणि मूळ पान तसेच राहू द्या.

रेखाटनाचे तंत्र तुम्हाला मी शिकवावे असे नाही, पण दुर्बिणीपाशी चालणाऱ्या दोन-तीन गोष्टी चित्रकलेच्या वर्गात येत नाहीत. आठ-दहा सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ दिवसाच आखून ठेवावे आणि काळोखात आधी फक्त ठळक तारे, त्यांचे त्रिकोण जुळवत, मांडून घ्यावेत; धूसर भाग शेवटी, स्टंपवर ग्रॅफाइटची भुकटी घेऊन. तुमच्या दुर्बिणीला स्वतःहून ताऱ्यांमागे फिरता येत नाही. २५ मिलिमीटरच्या आयपीसमधून साधारण एक अंशाचे आकाश दिसत असेल, तर मृगातला तारा या कडेपासून त्या कडेपर्यंत चार मिनिटांत निघून जातो. याचा राग न करता उपयोग करा: तारा ज्या कडेने बाहेर जातो ती पश्चिम. तिथे बाण काढला की वर्तुळाची दिशा ठरली, आणि मग तुमचे रेखाटन कोणत्याही फोटोशी फिरवून जुळवता येते. खाली तारीख, वेळ, आयपीस, चंद्र होता की नाही आणि आकाश कसे होते, एवढे लिहा. आपल्याकडे साखर हंगामात शेतातले पाचट पेटते तेव्हा क्षितिजाजवळचे आकाश किती मळते हे तुम्ही पाहिलेच असेल, तेही लिहा.

ज्या पानावर पंख आले आहेत ते फाडू नका. त्याच्या कडेला ‘फोटो पाहिल्यानंतर काढले, पंखांबद्दल शंका’ अशी तारखेसह नोंद करा आणि पुढच्या अमावास्येच्या आसपास, त्या पानाकडे न पाहता, मृग पुन्हा काढा. पंखांचा काही भाग सहा इंची दुर्बिणीतून शहरातूनही कळू शकतो. कुठवर कळतो, हेच शोधायचे आहे.

याच कामात पुतण्याला सोबत घेता येईल, आणि माझ्या मते तुमच्या घरातली निम्मी कुरबुर त्याने मिटेल. तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका यांच्या मेसिएच्या यादीत ११० वस्तू आहेत. त्याने त्यांतली एक निवडावी, तुमच्या दुर्बिणीत आणून द्यावी, नाव सांगू नये. तुम्ही ती काढा. तोवर त्याचा कॅमेरा तिचाच फोटो घेत राहील. दुसऱ्या दिवशी दोन्ही समोर ठेवा आणि फरकांची यादी दोघांनी मिळून करा: वहीत आहे पण फोटोत नाही, फोटोत आहे पण वहीत नाही. ज्या वाचकांच्या घरी कॅमेरावाला कोणी नाही, त्यांना मित्राकरवी किंवा स्टेलेरियमसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून जागा शोधून, चित्र झाकून, हाच खेळ खेळता येईल.

आता गच्ची. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि लॅपटॉपचा पांढरा पडदा ती कमाई क्षणात घालवतो, ही तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. त्याने लॅपटॉप खोक्यात ठेवावा, पडद्यावर लाल जिलेटिन लावावे, किंवा लांब केबल टाकून सरळ जिन्यात बसावे. त्याची तक्रारही खोटी नाही. स्लॅबच्या मधोमध पाऊल पडले की कंप जाणवतोच, म्हणून त्याचा तिपाई स्टँड तुळईवर किंवा कोपऱ्यातल्या कॉलमच्या डोक्यावर यावा आणि तुमचे स्टूल दुसऱ्या टोकाला. एकदा स्टुलावर बसलात की तुम्ही हलणार नाहीच. रात्री वाटून घेण्याची युक्ती तर पंचांगातच आहे. शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत चंद्रप्रकाशात तेजोमेघांचे फोटो बिघडतात. त्या संध्याकाळी गच्ची तुमची. चंद्रावर उजेड आणि अंधार यांची सीमारेषा विषुववृत्तापाशी ताशी सुमारे १५ किलोमीटर सरकते, त्यामुळे तासाभरात विवरातल्या सावल्या तुमच्या डोळ्यांदेखत आखडतात. अष्टमीच्या सुमारास ‘सरळ भिंत’ म्हणतात तो शंभराहून अधिक किलोमीटर लांबीचा कडा, आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी ९३ किलोमीटर व्यासाचे कोपर्निकस विवर, हे सावलीचा अभ्यास केलेल्या हाताला मिळालेले विषय आहेत. चंद्राच्या रेखाटनात आठवणीला फारसा वावही नसतो, कारण आधी कुठे पाहिलेला फोटो त्याच कोनातल्या उजेडाचा असण्याची शक्यता थोडी.

या रेखाटनांचा विज्ञानाला काय उपयोग, असे घरात कोणी विचारले असल्याचा सूर तुमच्या पत्रात जाणवला. खरे उत्तर असे की तेजोमेघाच्या रेखाटनाचा आज विज्ञानाला फारसा उपयोग नाही, आणि पुतण्याच्या फोटोचाही नाही. उपयोग हवाच असेल तर रूपविकारी ताऱ्यांची (ज्यांचे तेज कमी-जास्त होते त्यांची) तेजस्विता शेजारच्या ताऱ्यांशी ताडून नोंदवावी. बंगालमधल्या जेसोरचे राधागोविंद चंद्र नोकरी सांभाळून हौसेने आकाश पाहत आणि त्यांनी अशी ३७ हजारांहून अधिक निरीक्षणे अमेरिकेतील रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेला पाठवली, कॅमेऱ्याने नव्हे तर डोळ्याने तेजाचा अंदाज करून. पण छंदाला उपयोगाचा दाखला मागणाऱ्यांना तुम्ही उत्तर द्यायलाच हवे असे मला वाटत नाही.

वयाबद्दल थोडक्यात. वाढत्या वयात अंधारातही बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, हे खरे. पण तुमच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरचा आयपीस लावला की बाहेर पडणारी प्रकाशाची शलाका जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची असते, आणि तेवढी तर तुमची बाहुली उघडतेच. एकदा मोतीबिंदूची तपासणी करून घ्या, पाठ टेकायला आधार असलेले, उंची बदलता येणारे स्टूल घ्या, आणि जिन्याला कठडा नसेल तर माउंटच्या आधी तो बसवून घ्या.

राहिले दीड लाख. पुतण्याचा उत्साह खरा आहे, आणि तरीही ही रक्कम आज एकदम देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. कारण कंजूषीचे नाही. कोल्हापूर १६.७ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून १७ अंशांच्या आसपासच असतो. तुमच्या गच्चीच्या उत्तरेला पाण्याची टाकी किंवा शेजारची तीन मजली इमारत असेल तर तो दिसणारच नाही, आणि दिसला तरी धुरकट थरात बुडालेला असेल. विषुववृत्तीय माउंट, म्हणजे ध्रुवाभोवती ताऱ्यांबरोबर फिरणारे माउंट, ध्रुवाकडे नीट रोखल्याशिवाय चालत नाही. ध्रुव न दिसता ते रोखण्याच्या पद्धती आहेत, पण त्या आधी शिकून घ्याव्या लागतात. शिवाय काही माउंट इतक्या कमी अक्षांशावर कललीच तर त्यांचा वजनाचा दांडा स्टँडच्या पायावर आपटतो. विकत घेण्यापूर्वी ते १७ अंशांवर चालते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. दुसरे म्हणजे, आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाश मिळत नाही. धनू-वृश्चिकेचा जो भाग फोटोवाल्यांना सर्वांत प्रिय, तो नेमका पावसाळी संध्याकाळी दक्षिणेला सर्वांत उंच असतो. तो हवा तर मार्च ते मेमध्ये पहाटे उठायचे. तेवढे चार महिने महागडा कॅमेरा कपाटात राहणार आणि कोल्हापूरच्या दमट हवेत लेन्सवर बुरशी धरायला तेवढा काळ पुरतो, म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेल आजच आणा. वहीच्या पानांनाही त्याचा लाभ होईल.

पुतण्याला असे सांगा की येत्या दिवाळीपासून होळीपर्यंत आहे त्या कॅमेऱ्यावर आणि ट्रॅकरवर काम कर. फोटो एकत्र करून उजळण्याची सिरिल, डीपस्कायस्टॅकर ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. एक-दोन रात्री शहराबाहेर, पन्हाळ्याच्या पलीकडे किंवा गगनबावड्याच्या बाजूला, ओळखीच्यांच्या अंगणातून फोटो घेऊन बघ. अंधाऱ्या आकाशाने जो फरक पडतो तो पुष्कळदा नव्या कॅमेऱ्यानेही पडत नाही. (राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्यात रात्री परवानगीशिवाय थांबू नये, नियमही आहेत आणि गवेही.) पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांचे काम करते आहे, तिथे किंवा अशाच एखाद्या मंडळात जाऊन मोठे माउंट एकदा हाताळून ये. एवढे करूनही होळीनंतर त्याची मागणी तशीच राहिली तर मदत करा, पण फक्त माउंटपुरती. फोटोचा दर्जा आधी माउंटवर ठरतो, कॅमेऱ्यावर नंतर. पैशांतला काही वाटा त्याने सुटीत काम करून घालावा, आणि माउंट कोणाच्या मालकीचे राहील हे देण्याआधीच बोलून घ्यावे. घरात हे बोलायला अवघड वाटते आणि न बोलल्यास पुढे अधिक अवघड होते. माउंट रोवायला लोखंडी खांब, वरची प्लेट, जादा वजने ही कामे मात्र ऑनलाइन मागवू नका. मापे काढून शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या टर्नरकडे त्याला पाठवा. अभियांत्रिकीच्या मुलाला त्यातही चार गोष्टी कळतील.